आत्याबाई मूळगावी जातात

जगात एकमेकांचे नातेवाईक नसलेली दोन माणसं असूच शकत नाहीत, असं आमच्या सांगलीच्या घरमालकीणबाईंचं ठाम मत होतं. आणि असलीच, तर तो त्या दोघांचा निष्काळजीपणा. नव्वदनंतरच्या वर्षांत बँकेच्या नोकरीपायी मी वाईहून सांगलीला आलो आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाडेकरू झालो. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, अनामत विचारली नाही. माझ्या आजीचं माहेरचं आडनाव विचारलं. मला ते सांगता येईना. "आजीच्या हातचं आयुष्यभर खाल्लंस, ती आली कुठून हे नको विचारायला?" असं म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं. मी वाईला फोन लावून आडनाव मिळवलं, तेव्हा कुठे किल्ली हातात पडली.

सगळं गाव त्यांना आत्याबाई म्हणायचं. लग्न केलं नव्हतं. जन्मभर परिचारिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात त्याच दवाखान्यात बिनपगारी हजर झाल्या. ज्या रोग्याजवळ कुणी नाही, त्याच्याजवळ आत्याबाई. पेज भरवायच्या, वेणी घालून द्यायच्या, आणि माणूस जरा उठून बसला की विचारायच्या, "तुझ्या आज्याला भाऊ किती?" काही रोगी केवळ ही उलटतपासणी चुकवायला लवकर बरे होतात, असं तिथले एक डॉक्टर म्हणायचे. चर्चमध्येही तेच. बायबलच्या शास्त्रपाठात अमक्यापासून तमका झाला अशी लांबलचक वंशावळ लागली की सगळी मंडळी डुलक्या काढायची आणि आत्याबाई मात्र पुढे सरसावून, कान देऊन ऐकायच्या. "देवानं बघ, आधी खानदान सांगितलं. चमत्कार मागाहून," असं त्या मला चर्चमधून आल्यावर सुनवायच्या. त्यांची स्वतःची वंशावळ जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू एकमेकींना खळीनं चिकटवून केलेली होती. ती बाहेरच्या खोलीत पसरली की मला भिंतीला पाठ लावून मोरीकडे जावं लागे. एकदा माझी ओली चप्पल मुंबईच्या एका भाच्यावर पडली, तर त्याची खुशाली कळेपर्यंत त्यांनी मला चहा दिला नाही.

या एवढ्या पसाऱ्याच्या तळाशी एकच नाव होतं. खंडू. हे त्यांचे आजोबा. कडेगावकडच्या एका खेड्यातून सांगलीला आले आणि ख्रिस्ती झाले. त्याखाली सगळं कोरं. भावांनी त्यांना गोठ्यात बांधून मारलं आणि नेसत्या धोतरानिशी हाकलून दिलं, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत. आत्याबाईंना गावाचं नाव ठाऊक होतं, रोज एसटी जात होती. पण साऱ्या जगाचं मूळ खणून काढणारी ही बाई त्या एसटीकडे बघतसुद्धा नसे.

मग एकदा दवाखान्यात उसाच्या ट्रॉलीवरून पडून पाय मोडलेले एक निवृत्त सुभेदार आले. आत्याबाईंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. गाव तेच निघालं. आज्याला भाऊ किती, तर सुभेदार म्हणाले, "दोन हुतं. धाकला खंडू. त्यो सांगलीला गेला, त्यो गेलाच." आत्याबाई पेजेची वाटी तशीच ठेवून घरी आल्या. माझ्या माहितीत त्यांनी अर्धवट सोडलेली ती पहिलीच चौकशी. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी स्वतःची ओळख सांगितली. सुभेदार एवढंच म्हणाले, "घरी या."

ते घरी गेल्यावरही आत्याबाई रोज उद्यावर ढकलत होत्या. शेवटी एका रविवारी उपासना आटोपून मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. मला धीर नाही." एसटीत त्यांनी पिशवी उघडून दाखवली. आत फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा कप होता. "त्यांना पंचाईत नको, बाबा. मला कशातून चहा द्यायचा हा प्रश्नच यायला नको." एरवी कंडक्टरचंही मूळगाव काढणाऱ्या आत्याबाईंनी त्या दिवशी त्याच्याकडून नुसती तिकिटं घेतली.

सुभेदार कुबडी घेऊन फाट्यावर उभे होते. घरी सोप्यात त्यांची म्हातारी आई बसलेली. आत्याबाईंनी वाकून नमस्कार केला आणि चहा आल्याबरोबर घाईनं आपला कप पुढे केला. म्हातारीनं तो हातातून काढून घेतला. "ह्यो कशाला? आमच्या घरात कप न्हाईत व्हय? बस, पोरी." सत्तरीतल्या आत्याबाईंना पोरी म्हणणारं माणूस जगात शिल्लक असेल, असं मला वाटलं नव्हतं. त्यांनाही वाटलं नसावं. त्या मटकन बसल्या.

"आजोबांना मारून हाकललं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"कुनी सांगितलं? बैलावनं भांडान झालं. लंगड्या बैलाला औताला जुपू नगा म्हनला, तवा थोरल्यानं एक थोबाडीत दिली. रुसून गेला त्यो. थोरला म्हंजी माझं सासरं. लय पस्तावलं. सांगलीला गेलं बी हुडकायला. तुमच्या त्या चर्चच्या दारात हुबं ऱ्हायलं. खंडू कोट घालून भाईर आला. सायबागत दिसत हुता. आपल्याला वळख देईल का न्हाई, म्हून हाक न मारताच माघारी आलं."

आत्याबाईंनी विचारलं, "एकच थोबाडीत?"

"एकच."

"बांधलं नाही?"

"न्हाई गं बाय."

यावर आत्याबाई हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या, तर म्हातारीनं पदर पुढे केला. मग त्यांचं सगळं तंत्र परत आलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या घरातली चार पिढ्यांची माणसं, बाळंतपणं आणि पलटणी वदवून घेतल्या आणि सुभेदार "आक्का, आता पुरं की" म्हणून हात जोडेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. परतीच्या एसटीत मात्र बसल्याबरोबर त्यांना झोप लागली. अंगावरून मोठं ओझं उतरवलेल्या हमालासारख्या, तोंड उघडं टाकून, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून त्या सांगलीपर्यंत घोरत आल्या.

पुढे माझी साताऱ्याला बदली झाली. काही वर्षांनी त्या गेल्याचा फोन आला. मी चर्चमध्ये पोचलो तेव्हा गर्दी झाली होती. अर्ध्या सांगलीला त्यांनी कधी ना कधी पेज भरवली होती. पुढच्या बाकांवर गावाकडची माणसं बसलेली होती, फेटे मांडीवर घेऊन. उठायचं कधी, बसायचं कधी हे कळत नसल्यामुळे ती सुभेदारांकडे बघून उठत होती आणि सुभेदार पाळकांकडे. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. सुभेदारांनी मला पाहिलं आणि कुबडी टेकत मागे आले. त्यांना माझा चेहरा आठवत होता, नातं लागत नव्हतं.

"तुमी आक्काचं कोन?"

"भाडेकरू होतो," मी म्हणालो.

"मग हितं का हुबं?" त्यांनी माझा दंड धरला. "घरच्यांनी फुडं बसायचं."