कापडी चेंडू

...आणि तिसऱ्यांदा तो रबरी चेंडू खिडकीतून थेट खालच्या न्हाव्याच्या साबणाच्या वाटीत पडला, इथपर्यंत काल गोष्ट आली होती. न्हावी तणतणत वर आला, गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईकही मागोमाग आलं, आणि फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंचं नाव त्या दिवसापासून चेंडूबाई पडलं.

बाईंचा खाक्याच तसा. चेंडू ज्याच्या हातात, त्याने बोलायचं. बाकीच्यांनी कान द्यायचे. बोलून झालं की एक प्रश्न विचारून चेंडू दुसऱ्याकडे टाकायचा. कधी दोघांना पाठीला पाठ लावून बसवत आणि टेलिफोनवर बोलल्यासारखं बोलायला लावत, कधी टेबलावर जुने चष्मे, टोप्या मांडून बाजार भरवत. कुणी वही उघडली की मात्र बाईंचं डोकं फिरे.

त्या वर्गात साठीचा एक शिंपी होता. त्याची लेक लग्नानंतर दूरदेशी गेलेली, जिथे वाण्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे फ्रेंच बोलतात. नातवाला तर दुसरी भाषाच येत नव्हती. बायको गेल्यावर लेकीने त्याला कायमचं बोलावलं, पण तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय तिथलं सरकार राहू देईना. दोनदा नापास झालेला. तिसरी खेप शेवटची.

पहिले दोन महिने गडी मिठाची गुळणी धरून बसला. मग न्हाव्याच्या कटकटीवर तोडगा म्हणून त्याने नऊ रंगांचे तुकडे जोडून, आत चिंध्या ठासून कापडी चेंडू शिवून आणला. स्वतःचंच शिवणकाम हातात आलं आणि बुवा बोलू लागला. अंगठ्याने टाके चाचपत लेकीचं घर, बायकोचं आजारपण, नातवाच्या खोड्या, सगळं फ्रेंचमध्ये सांगू लागला. लुटुपुटीच्या बाजारात तर एक फाटकी टोपी त्याने बाईंच्याच गळ्यात अशी मारली की वर्ग हसून लोळला. बाई घरी जाऊन नवऱ्याला सांगत, यंदा काका जाणार बघ. नवरा म्हणे, जातील ते, आधी तू जेवून घे.

परीक्षेच्या सकाळी बाई त्याच्यासोबत गेल्या. खोलीच्या दाराला काच होती. परीक्षक भला माणूस दिसत होता. हसून त्याने काहीतरी विचारलं. शिंप्याने ओठ ओले केले. मग दोन्ही हात टेबलावर आणून ओंजळ धरली आणि वाट पाहत राहिला.

परीक्षकाला वाटलं, पाणी हवंय. त्याने पेला पुढे सरकवला. शिंप्याने मान हलवली, ओंजळ तशीच. बाहेर बाईंनी पर्समध्ये हात घातला. चेंडू तिथेच होता, आणि दार आतून बंद. पंधरा मिनिटांत शिंप्याच्या तोंडून नाव आणि वय, एवढंच निघालं.

निकाल तिथल्या तिथे हातात पडला. शिंप्याने त्या कागदाची घडी घातली, गिऱ्हाइकाच्या कपड्याची घालतात तशी, कडेला कड जुळवून. बाकावर बसला. बाईंनी चेंडू पुढे केला तर घेईना. लेकीला काय कळवायचं, हा विषय त्याने काढलाच नाही. एवढंच म्हणाला, "बाई, सगळं येत होतं मला. मग आत झालं काय?"

बाईंनी चेंडू परत पर्समध्ये ठेवला.

"शेवटचा महिना बिनचेंडूचा घ्यायचं ठरवलं होतं, काका. पण तुम्ही इतकं छान बोलायला लागलात, की तो काढून घ्यायचा मला धीर झाला नाही."