दरबारात हात वर करायला माणसं मिळेनात

"म्याडम, हात वर व्हनार न्हाई," वडिवळ्याचे आबा म्हणाले आणि त्यांच्या मागच्या सगळ्या सरदारांनी माना डोलावल्या.

मी सिनेमाची प्रॉडक्शन मॅनेजर. माणसं, गाड्या, जेवण, वेळ, सगळं माझ्याकडे. कामशेतजवळ एका बंद गोदामात आम्ही राजाचा दरबार उभा केला होता. सरदार म्हणून उभी केलेली माणसं आजूबाजूच्या गावांतली. सीन असा: राजाने खून केलाय आणि आळ नोकरावर घातलाय. न्यायाधीश त्या निकालावर शिक्का मारायला नकार देतो. मग राजा विचारतो, "हा न्यायाधीश राजद्रोही आहे, असं कोण कोण म्हणतं?" त्यावर सगळ्यांनी हात वर करायचे. हा मास्टर शॉट, म्हणजे पूर्ण दरबार एकाच फ्रेममध्ये. राजाचं काम करणारा नट संध्याकाळी निघणार होता. गोदाम दुसऱ्या दिवशी रिकामं करून द्यायचं होतं. शॉट राहिला तर सिनेमाला शेवटच नव्हता.

घोळ दिग्दर्शकाने घातला. चेहऱ्यांवर भाव यावेत म्हणून सकाळी त्याने सरदारांना अख्खी गोष्ट रंगवून सांगितली होती.

"आबा, ही अ‍ॅक्टिंग आहे," मी म्हटलं.

"व्हय की. पर हात माजाच हाय ना?"

"न्यायाधीशपण नटच आहे."

"आसंल. बोलतोय खरं."

राजाने सिंहासनावरून समजावलं, "आबा, मी राजा आहे."

"दिसतंय की. म्हनून तर सांगतो, कबूल करून टाका."

अख्खा दरबार हसत सुटला. न्यायाधीश इतका हसला की त्याची दाढी एका बाजूने सुटली.

मी तोडगा काढला. ज्यांना पटत नाही, त्यांनी कॅमेऱ्यामागे येऊन बसावं. चार-पाच जण येतील असा माझा हिशेब. अख्खा दरबार उठून आला. राजाजवळ दोन भालदार उरले. त्यातला एक म्हणाला, "ताई, आमी पन येऊ का?"

मग मी युनिटला हाक मारली. लाइटवाले, ड्रायव्हर, कॅशियर, कॅटरिंगवाले, सगळ्यांना अंगरखे चढवले. तरी एक सरदार कमी पडत होता. मला मिशी चिकटवली. पगडी आबांनीच नीट बसवली. "झ्याक दिसताय, सरदार," म्हणाले आणि परत जागेवर जाऊन बसले.

अ‍ॅक्शन. राजाने विचारलं. सगळे हात एकदम वर गेले. माझा तर त्याचं वाक्य संपायच्या आत. पहिल्याच टेकला ओके.

कॅमेऱ्यामागून आबांचा आवाज आला, "ह्यास्नी गोष्टबी सांगावी लागली न्हाई."

तेव्हापासून दरबारी हवे असले की मी गावोगाव फिरत नाही. ऑफिसातून घेते.