काळीज निघालं!

एका रविवारी शाहूपुरीतल्या मटणाच्या दुकानात माझा नंबर आला, तेव्हा खाटीकमामा नेहमीसारखे ओरडले नाहीत. एरवी ते लांबूनच सांगायचे, "आपांचं काळीज काढून ठेवलंय, जाता जाता द्या की!" त्या दिवशी सुरी खाली ठेवून म्हणाले, "आज न्हाय काढलं. आपा पहाटं गेल्या..." आपा म्हणजे माझी मैत्रीण हमिदा. जन्मभर नर्स म्हणून वाड्यावस्त्या पालथ्या घातलेली, आणि हसायला लागली की शेजारच्या गल्लीला कळावं अशी बाई. मला रडू आलं, पण तिचं ते काळीज आठवून हसूही आलं. तिला हेच आवडलं असतं.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास आम्ही दोघी गगनबावड्याच्या बाजूला एकाच खोलीत राहायचो. मी शाळामास्तरीण, ती नर्सबाई. तिसरीतली शेवंता दिवसा चुरूचुरू वाचायची, पण आभाळ भरून वर्गात अंधारलं की दाराच्या चौकटीला धडकायची. पोरं हसायची. मी तिला हमिदाकडे नेलं. तिने डोळे पाहिले आणि तिचा चेहराच उतरला. "रातांधळं हाय. दिव्यातलं तेल सपत आलंय ग. आता गोवर-बिवर आला, तर डोळंच जातील पोरीचं." औषध कोल्हापुरातून यायचं होतं आणि पावसाने रस्ता बंद! "दूध डेअरीला, भाजी बाजाराला, काळीज गड्यांना," ती चिडून म्हणाली, "डोळ्याला लागतंय ते समदं दुसऱ्याला, आनि पोरीच्या ताटात नुसता भात!"

आखाडाचे दिवस होते. संध्याकाळी शेवंताच्या घरी बकरं पडल्याचं कळलं आणि हमिदा छत्री घेऊन निघालीच, मागोमाग मी. चुलीवर काळीज भाजत होतं, कारण ते आधी गडीमाणसांनी खायचं अशी रीत. शेवंताचा बाप दत्तोबा, तालमीतला गडी, ताट घेऊन बसला होता.

"पावणं, पोरीला जरा काळीज द्या की!" हमिदा दारातूनच म्हणाली.

दत्तोबाला ते फार लागलं. "बाई, काळीजच हाय की ती माझं! आनि काय द्यायचं ऱ्हायलंय?"

"तुमचं ठेवा तुमच्यापाशी! बकऱ्याचं द्या म्हंते मी!"

बसलेली मंडळी खो खो हसली. शेवंताची आजी मात्र चुलीपासून हलेना. "पोरीच्या जातीला काळीज देत न्हाईत. दांडगी हुतीया मग."

"हुऊ दे की! मी न्हाय का झाले?" हमिदा कमरेवर हात ठेवून उभी. यावर आजीही हसली. दत्तोबाने आपल्या ताटातलं सगळं काळीज शेवंताला वाढलं.

हमिदा तेवढ्यावर थांबणारी नव्हती. शेवग्याचा पाला रोज त्या घरात शिजतो की नाही, हे ती झाकणं उचलून बघायची. पुढे रस्ता उघडला, औषधही आलं. काही दिवसांनी एकदा दिवेलागणीला शेवंता एकटीच आमच्या दारात उभी राहिली. मी पाठमोरी होते. "बाई, तुमचं पातळ मागं उसवलंय की!"

मी लाजले, आणि हमिदा मात्र टाळ्या पिटत नाचली. "दिसलं ग, दिसलं!"

तेव्हापासून तिच्या घरी मटण शिजलं की पहिलं काळीज पोरींना. "पोरींनो, काळीज निघालं!" ही तिची हाळी रस्त्यापर्यंत जायची. पोरी आपल्या घरच्या असोत की शेजारच्या, तिला फरक नव्हता.

परवा तिच्या चाळिसाव्याला, म्हणजे ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला, जमलो. पातेलं उतरलं, पण हाळी कुठली येणार... सगळे उगाच स्वयंपाकघराकडे बघत बसलो. मग शेवंताच उठली. आता ती स्वतःच एका नातीची आजी आहे. हातात पळी घेऊन ती दारात आली आणि तिने हुबेहूब तसाच आवाज लावला, "पोरींनो, काळीज निघालं!"

पोरी धावल्या. सगळ्यांना ढकलून पुढे घुसली ती तिचीच नात. म्हातारे दत्तोबा शेजारीच बसले होते. डोळे पुसत, पण भारी कौतुकाने म्हणाले, "दांडगी झालीया बगा!"