तळहातावरची व्हिस्की

बहारीनमधल्या आमच्या मराठी मंडळींत कुणाकडे जेवण असलं की यजमान माझ्या हातात व्हिस्कीचा ग्लास द्यायचे आणि बायकोच्या हातात संत्र्याचा रस. जरा वेळानं आम्ही न बोलता ग्लास बदलून घ्यायचो. माझे वडील साताऱ्याजवळच्या गावात देवळातली पूजा करायचे, त्यामुळे दारूच्या बाबतीत मी पक्का सोवळा. ती पुण्याची, बँकेत नोकरीला, आणि तिला बर्बन आवडायची, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की. गुरुवारी संध्याकाळी तिथला कामाचा आठवडा संपला की एक पेग, बर्फ न घालता. "एकदा चाखून तर बघ," असं ती लग्न झाल्यापासून म्हणत आली. मी म्हणायचो, पुढच्या जन्मी बघू.

बर्बन जिथं होते त्या केंटकीला जायचं, डिस्टिलऱ्या बघायच्या, बनवणाऱ्या माणसांशी गप्पा मारायच्या, हा तिचा बेत. तिनं उन्हाळ्याच्या सुट्टीची तिकिटं काढली, मला रजा टाकायला लावली, आणि हिवाळा संपता संपता एके दिवशी ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या ती गेली.

मला काही झालं नाही. बढाई म्हणून सांगत नाही, खरंच झालं नाही. तिला पुण्याला नेलं, दहावं-बारावं उरकलं, परत येऊन अस्करला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्टवर रुजू झालो. आमचे फोरमन रत्नागिरीचे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, एकदा रडून घ्या. आतल्या आत ठेवू नका." मी त्यांना भट्टीचं तापमान विचारलं.

लेक दुबईला नोकरी करते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिनं फोनवर सांगितलं की ट्रिप रद्द करायची नाही, आपण दोघं जायचं. मी बरं म्हटलं. नाही म्हणायलाही थोडा उत्साह लागतो. विमानात जेवणाचे ट्रे उचलून नेल्यावर ती म्हणाली, "बाबा, यू डोन्ट ईव्हन मिस हर." मला राग यायला हवा होता, तो आला नाही. पोरगी खरं बोलत असली तर, एवढंच मनात आलं. तीच तर माझी भीती होती, की एवढ्या वर्षांचा संसार पालथ्या घड्यावरचं पाणी निघतोय की काय.

केंटकी हिरवीगार होती. बहारीनहून गेलेल्या माणसानं तरी तिला नावं ठेवू नयेत. आम्ही गाडी भाड्यानं घेतली होती आणि ती मी चालवायचो, कारण न पिणारा मीच. प्रत्येक डिस्टिलरीत तोच क्रम: दळलेला मका, आंबवणाचे हौद, दारू गाळायचे तांब्याचे उंच बंब, मग आतून जाळलेली ओकची पिंपं आणि ती रचलेली गोदामं. हौदांपाशी आंबोळीचं पीठ उतू गेल्यासारखा वास यायचा. शेवटी सगळे छोटे ग्लास घेऊन बसायचे, लेक हळूहळू चाखायची, आणि मी पाण्याचा ग्लास धरून भिंतीवरची चित्रं बघायचो. एवढ्या लांब येऊन मी काय करतोय, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

सगळ्यात शेवटी एक लहानशी डिस्टिलरी होती, घरगुतीच म्हणायची. तिथं मालक स्वतः माल बनवतो आणि स्वतःच फिरवून दाखवतो. जाडजूड म्हातारा, मनगटापर्यंत भाजल्याचे जुने डाग. आमच्या भट्टीवरच्या लोकांचे हात असेच असतात. त्याचं बोलणं मला निम्मंशिम्मं कळत होतं, म्हणून मी वाफेच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह निरखत होतो. तेवढ्यात तो सगळ्यांच्या तळहातावर काहीतरी ओतत ओतत माझ्यापाशी आला. पाण्यासारखं स्वच्छ, नुकतंच बंबातून उतरलेलं.

त्यानं पळीतून ओतावं तसं ओतलं आणि पुढचं माझ्या हातानं परस्पर केलं. उजव्या तळहाताची वाटी, खाली डावा हात. मी ते पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

म्हातारा बाटली धरून तसाच उभा राहिला. बाकीचे लोक तळहात एकमेकांवर चोळत होते. चोळायचं आणि वास घ्यायचा, असं त्यानं मघाशी सांगितलं होतं म्हणे. लेक आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग जी हसत सुटली ती तिथल्या पायरीवर बसली. आईच्या माघारी मी तिला हसताना पहिल्यांदा पाहत होतो. तिनं त्याला देवळातल्या तीर्थाचं समजावून सांगितलं, आणि यांनी जन्मात कधी घेतलेली नाही हेही. त्यानं मान हलवली, माझ्या हातावर पुन्हा थोडी ओतली आणि या खेपेला माझे हात धरून चोळून दाखवलं. आधी नाक झणझणलं. मग कणीस भाजल्याचा वास आला.

"हाउ वॉज इट?" लेकीनं गाडीत विचारलं.

"जळत गेली," मी म्हटलं. घशापासून पोटापर्यंत कुठून कुठं जातेय ते कळत होतं. इतक्या दिवसांत कुठलीच गोष्ट आतपर्यंत पोचली नव्हती. मला बरं वाटलं.

परतीच्या विमानात झोप आली नाही. पण डोकं रिकामं नव्हतं. ही गंमत कशी सांगायची ते मी जुळवत होतो. म्हाताऱ्यापासून सुरुवात करावी की व्हॉल्व्हपासून, डोक्यावर हात फिरवल्याचं लगेच सांगावं की जरा राखून ठेवावं. लेक दोन दिवस बहारीनला थांबून पुढे जाणार होती. विमानतळाबाहेर भर दुपारची वाफ अंगावर आली. टॅक्सी बुदैयाच्या रस्त्याला लागली तरी माझं ते जुळवणं चालूच होतं.

घराचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि चपला काढता काढता मी मोठ्यानं आत सांगितलं, "अगं ऐक, प्यायलो बरं का एकदाची."

दुसरी चप्पल काढायला वाकलो आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

मग मला कळलं, की ते कुणाला सांगायचं म्हणून मी एवढ्या लांबून घेऊन आलो होतो. एक चप्पल पायात तशीच होती. मी चपलांच्या कपाटाला टेकून खाली बसलो आणि लहान पोरासारखा भोकाड पसरून रडलो.

लेक बॅगा दारातच सोडून माझ्या शेजारी फरशीवर बसली. म्हणाली, "मला पण तिला सांगायचं होतं, बाबा. तिथं पायरीवर बसले तेव्हा मी तिला लावायला फोन काढला होता."