बाबांनी पक्ष सोडला

दहा वर्षांची असल्यापासून शैलजा बाबांबरोबर इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये घरोघर हुजूर पक्षाची पत्रकं टाकायला जाई. बाबांचं, म्हणजे गुणवंतरावांचं, औषधांचं दुकान होतं, पण जीव सगळा पक्षाच्या स्थानिक शाखेत. "पक्षवाले चर्चला जाणारे असले तरी शिकवण आपलीच," ते म्हणत. "लग्न, घर, वडीलधारी माणसं. एवढं सांभाळलं की देश सांभाळला जातो."

पुढे ती नोकरीसाठी तोक्योला आली. २०११ च्या भूकंपाच्या दिवशी गाड्या बंद पडल्या, तेव्हा तोयोसुच्या ऑफिसातून ती आणि तिच्याच टीममधली नोरिको-सान निशी-कसाईला शैलजाच्या घरापर्यंत चालत आल्या. वर्षभरात दोघी एका घरात राहू लागल्या. लेस्टरला तिने "रूममेट" एवढंच सांगितलं.

फेब्रुवारी २०१३ मध्ये बाबांचा फोन आला. समलिंगी विवाहाचं विधेयक संसदेत पुढे सरकलं होतं, आणि ते त्यांच्याच पक्षाच्या पंतप्रधानांनी उचलून धरलं होतं.

"मी राजीनामा दिला," ते म्हणाले. "तेवीस वर्षं शाखेचा चिटणीस होतो. आता बाईनं बाईशी लग्न करायचं आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या?"

नोरिको ओट्यापाशी दुधाचे रिकामे खोके कचऱ्यात वेगळे द्यायचे म्हणून धूत होती. शैलजाला राग आला नाही, रडूही आलं नाही.

"बाबा, नोरिको माझी रूममेट नाही," ती म्हणाली. "आम्ही दोघी संसार करतोय."

"आईला देतो," पलीकडून एवढंच.

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. आई दर रविवारी बोले; हवा, गुडघे, कुणाचं बारसं. शैलजाचं ऑफिसातलं काम चोख चालू होतं. जेवताना आमटीत मीठ नाही, हे मात्र तिच्या लक्षात येत नसे; ते नोरिको सांगे.

२०१५ च्या एप्रिलमध्ये आई सहज म्हणाली, "हे पुन्हा प्रचाराला जातात. शाखेची माणसं दोनदा घरी आली, समजूत काढली."

"कायदा तर झालाच ना?"

"झाला गं. पण म्हणतात, पक्ष सोडून जायचं कुठे?"

"आणि माझं काय?"

"तू कुठे आलीस समजूत काढायला?"

"येते. दोघी येतो."

"विचारते हं."

पुढच्या रविवारी आईने तो विषय काढला नाही. शैलजानेही विचारलं नाही. मे महिन्यात बाबांचा पक्ष निवडून आला. ती बातमी तिने तोझाई लाइनच्या मेट्रोत उभ्या-उभ्या वाचली. बाबा खूश असतील, एवढं मनात आलं. त्यापुढे काही आलं नाही.