यामिनी एर मोर

पुढे तेलीबांध्याचा तलाव, दुपारच्या उन्हात तापलेला. मागे तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. उजवीकडून पद्मजाताई येतात, डावीकडे जातात, पुन्हा येतात. हातात मोबाईल.

पद्मजाताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. उभी नोकरी कानाच्या जोरावर केली. भेटेल त्याच्याकडून त्याच्या भाषेतला एखादा शब्द मागून घ्यायची खोड तिथलीच. लेक यामिनी नॉर्वेत भाषाशास्त्र शिकवते. जावई जोर्दी बार्सिलोनाकडचा, कातालान बोलणारा. त्यानं एकदा व्हिडिओ कॉलवर गावचं वाळत चाललेलं ऑलिव्हचं झाड दाखवलं आणि म्हणाला, "मोर." म्हणजे मरतंय.

"आमचा नाचते अन् तुमचा मरते काय रे!" म्हणून ताई पोट धरून हसल्या होत्या.

आज यामिनी बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, आणि जोर्दीचे रोमन अक्षरांत तीनच शब्द आले होते: 'यामिनी एर मोर!' त्यानंतर दोघांपैकी कोणीच फोन उचलत नव्हतं.

"मरणाच्या निरोपाले कोणी उद्गारचिन्ह लावते काय?" यजमान श्यामकांतराव म्हणाले खरे, पण चष्मा पुसून निरोप पुन्हा वाचायला डोकावले.

"तुम्ही चूप बसा. मले माहीत आहे त्या शब्दाचा अर्थ."

ताईंचा रडवेला आवाज ऐकून शेजारची छत्तीसगढी शारदा हातातली भाजी तशीच घेऊन धावत आली. निरोप ऐकून तिचा चेहरा खुलला. "काबर रोथव दीदी? मोर माने तो मेरा! दामादबाबू लाड़ करत हे."

"त्याले छत्तीसगढी कुठून येईल गं!" ताई कडाडल्या. पुन्हा फोन लावला. पुन्हा नुसती घंटी.

पाच पावलं गेल्या असतील, तोच हातातला फोन वाजला. पलीकडे यामिनीच. आवाज दमलेला.

"आई, काहून इतके मिस्ड कॉल?"

"मोर... जोर्दीनं मोर लिहिलं..."

"अगं, इथं 'एर' म्हणजे आहे, अन् मोर म्हणजे आई! मी आई झाली. त्याच्या ऑफिसच्या लोकांसाठी इथल्या भाषेत लिहिलेलंच त्यानं तुले पाठवलं." आणि तशा अवस्थेतही तिच्यातली मास्तरीण जागी झाली. "इथला मोर जुन्या 'मोदिर'चा आखडलेला, आपल्या 'माते'च्या गोतातला. जोर्दीचा मोर लॅटिनमधून आलेला, आपल्या 'मरणा'च्या गोतातला. दिसायला सारखे, पण नातं काही नाही. उच्चारही वेगळे..."

"मुलगा की मुलगी ते विचार!" श्यामकांतराव मागून ओरडले.

पद्मजाताई गॅलरीच्या फरशीवरच बसल्या. नवऱ्याला हातानंच थांबवलं, फोन कानाशी घट्ट दाबला आणि म्हणाल्या, "अर्थ मागून सांग, पोट्टे. आता काहीही बोल, पण नुसती बोलत राहा."