चांदीच्या वाटीवरची परकी अक्षरं

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंचा. शाळा सुटल्यावर त्या मला घरी बसवून शिकवायच्या. त्या जोरावर मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी आखातात, फुजैराच्या बंदरावर, घरसामान परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत लागलो.

एकदा मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन जोडप्याचं सामान बांधायला गेलो. मॅडमच्या कपाटातून चांदीची जुनी वाटी निघाली, एका बाजूला जाळीदार कान असलेली. कानावर तीन अक्षरं कोरलेली. त्यांतलं एकही मॅडमच्या किंवा साहेबांच्या नावाचं नव्हतं. किटलीवर वेगळी तीन, चमच्यांवर आणखी वेगळी. आमच्या गावात एका फळीवर इतक्या घरांची भांडी निघाली असती, तर शेजाऱ्यांनी पोलीसपाटलाला बोलावलं असतं. सामानाच्या कागदावर सही माझी व्हायची. चोरीचा माल बंदरात सापडला की माझा व्हिसा गेलाच.

फोरमन वैतागला. "मास्टर, चांदी का रिश्ता पक्का करना है क्या? यल्ला, डब्बा बंद करो!"

मी मॅडमना विचारलंच. त्या म्हणाल्या, वाटी बॉस्टनच्या एका कारागिराची, अमेरिका स्वतंत्र होण्याआधीची. तेव्हा तिकडे बँका नव्हत्या. लोक साठवलेली नाणी कारागिराला देत, तो ती वितळवून भांडी घडवी. वरचं अक्षर आडनावाचं, खालची दोन नवरा-बायकोची. चोरी झाली तर ओळख पटावी म्हणून.

"मग यात तुमचं अक्षर कुठं आहे?"

त्या लाल झाल्या. "ही भांडी आईकडून मुलीला येतात. दर पिढीला आडनाव बदलतं."

चोरसुद्धा हेच सांगेल, असं मला वाटलं. मी एकेक भांडं पुढे धरत राहिलो. ही कोण? पणजी. ही? तिची आई, फार तापट होती म्हणे. वाटीपाशी मात्र त्या अडल्या. अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

"ही बायकोच्या जागेवरची 'ए' कोण, ते मला माहीत नाही. आईलाही माहीत नव्हतं."

मी सही केली. पेट्या बंदराकडे गेल्या आणि मी बाईंना पत्र लिहिलं:

"आदरणीय बाई, सा. न. वि. वि. परक्या नावांच्या चांदीसाठी मी सही करून बसलो आहे. मॅडमनी सगळी नावं धडाधड सांगितली असती, तर केली नसती. रचलेल्या गोष्टीत गाळलेली जागा नसते, असं मला वाटलं. तरी ऑफिसातला फोन वाजला की दचकतो. माझं चुकलं असेल आणि परत यावं लागलं, तर घरी आधी तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं होणार नाही."